प्रकाशसंश्लेषण स्वतःच्या डोळ्यांनी कसे पाहावे

हरितद्रव्य असलेल्या वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून आपले अन्न तयार करतात आणि ऑक्सिजन बाहेर सोडतात, ही व्याख्या बहुतेकांना शाळेपासून पाठ असते. या एका वाक्यात पाच निरनिराळे दावे आहेत: प्रकाश लागतो, हिरवा रंग लागतो, कार्बन डायऑक्साइड लागतो, अन्न तयार होते आणि ऑक्सिजन सुटतो. कुंडीतली जास्वंद, बाजारातली पालकाची जुडी, मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा हायड्रिला आणि अंगणातली पानफुटी एवढ्या सामग्रीवर हे पाचही दावे पडताळून पाहता येतात. विज्ञान शिकवताना मला सर्वांत जास्त समाधान याच प्रयोगांनी दिले आहे, म्हणून ते करण्याची रीत, त्यात हमखास होणाऱ्या चुका आणि प्रत्येक प्रयोगातून नेमके काय सिद्ध होते, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

एक पथ्य आधीच सांगतो, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी ते लागणार आहे. कोणताही प्रयोग एकटा करू नये. त्याला जोड असावी. ज्या एका गोष्टीचा परिणाम पाहायचा आहे ती सोडून बाकी सर्व बाबतींत सारखा असा दुसरा प्रयोग शेजारी मांडावा. जोड नसलेल्या प्रयोगात काहीतरी घडलेले दिसते, पण ते कशामुळे घडले हे कळत नाही.

पानाच्या आत काय चालते

आपण बोलताना खताला झाडाचे अन्न म्हणतो, आणि झाड वाढते ते मातीतून काहीतरी खाऊन, अशी समजूत त्यामुळे नकळत पक्की होते. बेल्जियममधील यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोन्ट यांनी ही समजूत तराजूवर घालून पाहिली. त्यांनी २०० पौंड कोरडी माती एका मोठ्या कुंडीत भरून तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड भरले आणि माती जेमतेम २ औंसांनी कमी झाली होती. ही हकीकत त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ साली प्रसिद्ध झाली. सगळी वाढ पाण्यापासून झाली असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो अपुरा ठरला, कारण लाकडातला कार्बन हवेतून येतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. मातीतून नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश असे क्षार येतात आणि ते आवश्यकच असतात, पण झाडाच्या कोरड्या वजनाचा फार मोठा भाग हवा आणि पाणी यांपासूनच घडलेला असतो. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अवघे ०.०४ टक्क्यांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले की अंगणातल्या आंब्याच्या बुंध्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

हे काम पानाच्या पेशींतील हरितलवकांत चालते. हरितलवकाच्या आत पातळ पापुद्र्यांच्या चळती असतात आणि हरितद्रव्य त्या पापुद्र्यांत बसवलेले असते. प्रकाश पडला की तेथे पाण्याचे रेणू फुटतात, ऑक्सिजन मोकळा होतो आणि प्रकाशातून मिळालेली ऊर्जा एटीपी आणि एनएडीपीएच या दोन रेणूंत तात्पुरती साठवली जाते. चळतींच्या भोवती जो द्रव असतो त्यात दुसरा टप्पा घडतो. पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, आत आलेला कार्बन डायऑक्साइड रुबिस्को नावाचे विकर (अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन, एन्झाइम) पकडते आणि साठवलेली ऊर्जा खर्च करून त्यापासून साखर बांधली जाते. ग्लुकोजच्या एका रेणूइतकी साखर बनायला कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू, एटीपीचे १८ आणि एनएडीपीएचचे १२ रेणू खर्ची पडतात. सुटणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून येत नाही, हे सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा जड अणूंचा, म्हणून वेगळा ओळखता येणारा ऑक्सिजन) असलेले पाणी वापरून दाखवले. साखर बांधण्याच्या मार्गाचा उलगडा केल्याबद्दल मेल्विन केल्विन यांना १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या पुस्तकांत दुसऱ्या टप्प्याला ‘अंधारातील अभिक्रिया’ म्हणत, आणि त्या नावाने विद्यार्थ्यांचा फार घोटाळा केला आहे. हा टप्पा रात्री घडतो असे नावावरून वाटते. प्रत्यक्षात तो दिवसाच, पहिल्या टप्प्याच्या बरोबरीने चालतो. त्यातली काही विकरे प्रकाश असतानाच कार्यक्षम होतात आणि एटीपीचा पुरवठा थांबला की तोही थांबतो.

जास्वंदीचे पान आणि आयोडीन

पानात तयार झालेल्या साखरेचा काही भाग दिवसभर पिष्ट म्हणजे स्टार्चच्या रूपात हरितलवकातच साठतो आणि रात्री वापरला जातो. स्टार्चला आयोडीन लागले की निळा-काळा रंग येतो. युलिउस फॉन साक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८६०च्या दशकात पानातला स्टार्च प्रकाशामुळे तयार होतो हे याच खुणेवरून दाखवले.

कुंडीतली, भरपूर ऊन मिळणारी जास्वंद घ्यावी. कांद्याची पात घेऊ नये, कारण कांदा पानात स्टार्च साठवत नाही. तेथे आयोडीनला रंग आला नाही म्हणून प्रकाशसंश्लेषण झालेच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल. कुंडी दोन ते तीन दिवस काळोख्या कपाटात किंवा खोक्याखाली ठेवावी, म्हणजे पानांत आधीचा साठलेला स्टार्च संपून जातो. ही पायरी अनेक जण घाईने गाळतात आणि मग झाकलेला भागही काळा पडला म्हणून प्रयोगालाच दोष देतात. तिसऱ्या दिवशी सकाळी एका पानाच्या मध्यावर काळ्या जाड कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी यू-पिनेने लावावी. त्याच पानावर थोड्या अंतराने तेवढ्याच आकाराची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी तशीच दोन्ही बाजूंनी लावावी आणि कुंडी पाच ते सहा तास स्वच्छ उन्हात ठेवावी.

ही पारदर्शक पट्टी शाळांतील मांडणीत सहसा नसते, आणि ती नसणे ही त्या मांडणीतली खरी उणीव आहे. काळा कागद उजेड अडवतो, पण तो हवाही काही प्रमाणात अडवतो आणि पान दाबूनही धरतो. मग कागदाखाली स्टार्च झाला नाही तो उजेड नव्हता म्हणून, की कार्बन डायऑक्साइड कमी पडला म्हणून? प्लॅस्टिकची पट्टी हवा आणि दाब यांबाबत कागदासारखीच वागते, फक्त उजेड येऊ देते. तिच्याखाली रंग आला आणि कागदाखाली आला नाही, तरच फरक प्रकाशाचा आहे असे ठामपणे म्हणता येते.

दुपारी पान तोडून पट्ट्या काढाव्यात आणि ते उकळत्या पाण्यात एक ते दोन मिनिटे धरावे. त्यामुळे पेशी मरतात, आतली सर्व कामे जागच्या जागी थांबतात आणि पुढे स्पिरिट व आयोडीन आत शिरणे सोपे होते. आता हिरवा रंग काढायचा आहे. औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट एका लहान काचेच्या भांड्यात घेऊन त्यात पान बुडवावे. गॅस पूर्ण बंद करून, जवळपास कोणतीही ज्योत नाही याची खात्री झाल्यावर मोठ्या पातेल्यातल्या कढत पाण्यात ते लहान भांडे ठेवावे आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. अल्कोहोल साधारण ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ चटकन पेट घेते. मी शिकवायला लागलो त्या वर्षी एका प्रयोगशाळेत स्पिरिटचे चंचुपात्र सरळ ज्योतीवर ठेवलेले होते आणि भडका उडाला. ओल्या फडक्याने तो विझला आणि कोणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून गॅस बंद झाल्याचे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतल्याशिवाय मी स्पिरिटची बाटली उघडत नाही. लहान मुलांनी ही पायरी एकट्याने करू नये.

दहा मिनिटांत स्पिरिट हिरवेगार होते आणि पान फिकट पिवळसर, जवळजवळ पांढरे पडते. बाहेर काढल्यावर ते कडकडीत आणि ठिसूळ झालेले असते, म्हणून कोमट पाण्यात बुडवून मऊ करावे आणि पांढऱ्या बशीत अलगद पसरावे. टिंक्चर आयोडीन पाण्यात मिसळून पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचे करावे, आणि ते पानावर घालण्याआधी बटाट्याच्या कापावर एक थेंब टाकून ते काम करते आहे ना हे पाहावे. मग ड्रॉपरने पानभर घालावे. पहिली काही सेकंदे सगळे पान नुसते तपकिरी दिसते. हळूहळू कडेकडेने डाग गडद होत जातात, शिरांमधल्या जागा निळसर काळ्या होतात, आणि त्या काळोखात कागदाच्या पट्टीची जागा सरळ रेषेत कापल्यासारखी फिकी राहते. आपण सकाळी कातरलेल्या कागदाचा आकार पानाने जसाच्या तसा उमटवलेला असतो.

हिरव्या रंगाची गरज पाहायची असेल तर पांढरे-हिरवे पट्टे असलेला मनी प्लांट किंवा चट्टेरी पानांची जास्वंद घ्यावी. पान तोडल्याबरोबर कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढावी आणि हिरवा भाग रंगवून घ्यावा, कारण स्पिरिटमधून निघालेल्या पानात कुठले ठिकाण हिरवे होते हे आठवून सांगता येत नाही. आयोडीननंतरचा काळा नकाशा या चित्राशी ताडून पाहावा.

पालकाच्या चकत्या

मला यापेक्षा आवडता प्रयोग दुसरा नाही, आणि तो आपल्याकडील वर्गांत फारच कमी केला जातो याची मला खंत वाटते. त्याला ज्योत लागत नाही, स्पिरिट लागत नाही, आणि एका तासिकेत त्यातून आकडे हाती येतात.

पालकाचे पान पाण्यावर तरंगते, कारण पेशींमधल्या पोकळ्यांत हवा असते. ती हवा काढून तिच्या जागी पाणी भरले की पानाचा तुकडा बुडतो. उजेडात त्या तुकड्यात ऑक्सिजन तयार होऊ लागला की बुडबुडे साठून तो पुन्हा वर येतो. म्हणजे वर येणारा तुकडा हेच मोजमापाचे साधन होते.

३०० मिली पाण्यात लहान चमच्याचा आठवा भाग खायचा सोडा विरघळवावा. पाण्यात कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा राहावा यासाठी तो आहे. त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एकच थेंब टाकावा, म्हणजे पानाच्या मेणचट पृष्ठभागाला पाणी धरेल. फेस झाला तर आणखी पाणी घालून तो कमी करावा. ताज्या, टवटवीत पालकाच्या पानातून जाड शिरा टाळून, कागदाला भोके पाडायच्या पंचने किंवा कडक स्ट्रॉने दहा-दहा चकत्या कापाव्यात. १० मिलीची सुई नसलेली सिरिंज घेऊन दट्ट्या काढावा, दहा चकत्या आत टाकाव्यात, त्या चिरडणार नाहीत इतक्या बेताने दट्ट्या बसवावा आणि निम्म्यापर्यंत सोड्याचे पाणी ओढून घ्यावे. सिरिंज उभी धरून वरची हवा ढकलून द्यावी, टोक बोटाने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या मागे खेचून दहा सेकंद धरावा. चकत्यांच्या कडांतून बारीक बुडबुड्यांची झालर सुटताना दिसते. दट्ट्या सोडून सिरिंज हलकेच हलवावी आणि हेच दोन-तीनदा करावे. चकत्या गडद, ओल्या कापडासारख्या दिसू लागतात आणि एकेक करून खाली बसतात. ज्या चकत्या चार-पाच प्रयत्नांनीही बुडत नाहीत त्या टाकून नव्या घ्याव्यात. उगाच जोर लावल्यास पानाच्या पेशी फाटतात आणि मग ती चकती कधीच वर येत नाही.

आता तीन सारखे काचेचे ग्लास घ्यावेत. पहिल्या आणि दुसऱ्या ग्लासात सोड्याचे पाणी आणि प्रत्येकी दहा बुडालेल्या चकत्या असाव्यात, आणि दुसरा ग्लास वरपासून खालपर्यंत ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकावा. तिसऱ्यात उकळून गार केलेले साधे पाणी आणि साबणाचा थेंब असावा, आणि त्यातल्या दहा चकत्यांची हवा त्याच पाण्याने काढलेली असावी. उकळल्याने पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. तिन्ही ग्लास उन्हात किंवा प्रखर एलईडी दिव्याखाली शेजारी ठेवून दर मिनिटाला तरंगणाऱ्या चकत्या मोजून वहीत नोंदवाव्यात. जुना पिवळा बल्ब वापरू नये, तो पाणी तापवतो आणि तापमानाचा परिणाम प्रकाशाच्या परिणामात मिसळतो.

पहिली काही मिनिटे काहीच होत नाही, आणि मुले हिरमुसतात. मग एखादी चकती एका कडेने उचलली जाते, तळावर काही क्षण उभी राहते आणि सरळ वर जाते. तिच्या खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे चमकते बुडबुडे चिकटलेले असतात. प्रकाश चांगला असेल तर ५ ते १५ मिनिटांत बहुतेक चकत्या पृष्ठभागावर येतात. झाकलेल्या ग्लासातल्या चकत्या तळाशीच राहतात, आणि उकळलेल्या पाण्यातल्याही जवळजवळ तशाच राहतात. प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्ही गरजा अशा एकाच टेबलावर वेगवेगळ्या सिद्ध होतात.

प्रयोग इथे संपवू नये. पहिला ग्लास आता फॉइलने झाकून ठेवावा आणि अधूनमधून, अर्धा-पाऊण तास तरी, डोकावून पाहावे. वर आलेल्या चकत्या एकेक करून पुन्हा बुडू लागतात. प्रकाशसंश्लेषण थांबले असले तरी श्वसन चालूच असते आणि जमलेला ऑक्सिजन ते वापरून टाकते. वनस्पती दिवसाही श्वसन करतात, फक्त उजेडात ऑक्सिजनची निर्मिती खर्चापेक्षा कितीतरी जास्त असते म्हणून श्वसन झाकले जाते. हे वाक्य वर्गात कितीही वेळा सांगितले तरी जे पोहोचत नाही, ते या बुडणाऱ्या चकत्या पोहोचवतात.

तुलना करताना दहाही चकत्या वर यायला लागलेला वेळ पाहण्यापेक्षा निम्म्या, म्हणजे पाच चकत्या वर यायला लागलेला वेळ पाहावा, कारण शेवटची एखादी चकती नेहमीच रेंगाळते. याच पद्धतीने दिव्याचे अंतर १५ सेंटिमीटर आणि ३० सेंटिमीटर ठेवून, कोवळे आणि जून पान घेऊन, किंवा सोड्याचे प्रमाण बदलून पाहता येते, मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

हायड्रिलाचे बुडबुडे

हा प्रयोग बहुतेक शाळांत होतो, म्हणून थोडक्यातच लिहितो. १७७९ साली यान इंगेनहाउझ या डच वैद्यांनी पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे बुडबुडे पाहूनच दाखवून दिले की हा वायू वनस्पतीच्या हिरव्या भागांतून आणि प्रकाशातच सुटतो. जगदीशचंद्र बोस यांनीही कोलकात्यात हायड्रिलावरच बारीक मोजमापे केली आणि ती १९२४ साली प्रसिद्ध केली. हायड्रिलाच्या फांद्या पाण्याखालीच तिरप्या कापून, कापलेले टोक वर येईल अशा रीतीने नरसाळ्याखाली ठेवाव्यात आणि नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी घालावी. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकल्याने फरक पडतो. नळीत पुरेसा वायू साठायला उन्हाचे काही तास लागतात. विझत आलेली, निखारा शिल्लक असलेली काडी तोंडाशी धरली असता ती पुन्हा भडकली, तर ऑक्सिजनची खूण पटली. नळीतला वायू शुद्ध ऑक्सिजन नसतो, त्यात पाण्यात विरघळलेली हवाही येते, म्हणून थोडाच वायू जमला असेल तर काडी भडकत नाही आणि त्यावरून प्रयोग फसला असे समजू नये.

पानफुटीची आंबट सकाळ

काही वनस्पती वरील क्रमाने चालत नाहीत. मद्रासेत काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१५ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात लिहिले की पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडसर. पुढे कळले ते असे की पानफुटी, निवडुंग, घायपात, अननस अशा वनस्पती पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात, आणि दिवसा रंध्रे मिटून तोच कार्बन डायऑक्साइड आतल्या आत सोडवून प्रकाशात साखर बनवतात.

हाइन यांच्याप्रमाणे चव घेऊन पाहू नये, पानफुटीत विषारी द्रव्ये असतात. त्याऐवजी पहाटे आणि पुन्हा सूर्यास्तापूर्वी एकाच झाडाची सारख्या वयाची दोन पाने तोडून प्रत्येकाचा रस खलबत्त्यात काढावा आणि पीएच कागदाने तपासावा. तो खलबत्ता नंतर स्वयंपाकाला वापरू नये. सकाळच्या रसाचा पीएच कमी, म्हणजे आम्लता जास्त आढळते. जोड म्हणून जास्वंदीच्या पानाचा रसही दोन्ही वेळा तपासावा. त्यात असा ठळक फरक दिसत नाही.

पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, हा संदेश मोबाइलवर वारंवार फिरत असतो, आणि त्याच्या समर्थनार्थ कधी कधी याच रात्री उघडणाऱ्या रंध्रांचा दाखला दिला जातो. पण रात्री रंध्रे उघडी असली तरी त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत घेतला जातो, ऑक्सिजन बनत नाही, कारण ऑक्सिजन पाणी फुटल्यावरच सुटतो आणि पाणी फुटायला प्रकाश लागतो. हे पानफुटीला लागू आहे आणि पिंपळालाही. ज्यांना हे नुसते ऐकून पटत नाही त्यांनी पिंपळाचे कोवळे पण हिरवे झालेले पान घेऊन पालकासारख्याच चकत्या कराव्यात. पान चिवट असल्याने हवा काढायला जास्त वेळ लागतो. अर्ध्या चकत्या उजेडातल्या ग्लासात आणि अर्ध्या फॉइलने झाकलेल्या ग्लासात ठेवून कोणत्या वर येतात ते पाहावे.